आधी दत्ता, मग शर्मा

वीस-पंचवीस वर्षं मी लोकांना उचलत आलो आहे. गैरसमज नको. दिल्लीत लोकांना उचलण्याचं काम पोलिसही करतात, पण मी नर्तक आहे.

त्यातही कंटेम्पररी. हा शब्द ऐकला की आमच्या मयूर विहारच्या सोसायटीत दोन प्रश्न येतात. पहिला, म्हणजे कथक का? दुसरा, म्हणजे टीव्हीवर करतात ते? दोन्हींना 'नाही' म्हटलं की तिसरा प्रश्न कोणी विचारत नाही. माझ्या आईकडे मात्र सहानुभूतीनं बघतात.

तर सोपं करून सांगतो. कथकमध्ये हात कुठं, नजर कुठं, हे फार पूर्वीच ठरून गेलेलं आहे. आमच्याकडे ते ठरवणारा माणूस तालमीच्या दिवशी सकाळी येतो, चहा पितो आणि मग ठरवतो. त्याला कोरिओग्राफर म्हणतात. मी कुठल्याच एका कंपनीत मुक्काम ठोकला नाही. जो बोलवेल त्याच्याकडे गेलो. त्यामुळे वेडाचे जितके प्रकार या शहरात उपलब्ध आहेत ते सगळे मी जवळून पाहिले. एका बाईंना वाटायचं, आमची पावलं जमिनीला लागूच नयेत. त्यांच्यानंतर ज्यांच्याकडे गेलो त्यांना वाटायचं, आम्ही जमिनीवरून उठूच नये. एक परदेशी पाहुणे आले, त्यांनी मंडी हाऊसजवळच्या एका हॉलमध्ये आम्हाला आठवडाभर नुसतं उभं केलं. शेवटच्या दिवशी म्हणाले, आता तुम्ही छान उभे राहता. आणि विमानात बसून निघून गेले. पण खोटं कशाला बोलू, आजही बँकेच्या रांगेत माझ्याइतकं देखणं कोणी उभं राहत नाही.

या सगळ्यांकडे माझं काम एकच, खाली उभं राहायचं आणि वरच्याला धरायचं. आमच्या भाषेत 'बेस'. अंगानं मी पहिल्यापासून गोदरेजच्या कपाटासारखा आहे, त्यामुळे मला हंस, वारा किंवा विरहिणी व्हायला कोणी सांगितलं नाही. हंस माझ्या खांद्यावर असायचा. प्रेक्षक हंसाकडे बघायचे. माझ्या कारकिर्दीतला सगळ्यात मोठा फोटो एका नाट्यगृहाच्या दारावर लागला होता, त्यात माझे दोन तळहात आहेत. आईनं तो फ्रेम करून हॉलमध्ये लावला आहे. पाहुण्यांना ती सांगते, "हवेत आहे ती कोण ते ठाऊक नाही. हे हात मिलिंदचे."

उचलण्यात ताकद लागते, पण बघणाऱ्याला वाटते तेवढी नाही. अर्धं काम वरच्या माणसाचं असतं. त्यानं आपलं वजन तुम्हाला द्यायचं असतं. म्हणजे काय, तर जत्रेला निघालेलं मूल कडेवर घ्या आणि इंजेक्शनला निघालेलं मूल कडेवर घ्या. मूल तेच, वजन तेच. पहिलं गळ्याला बिलगून येतं आणि फुलासारखं वाटतं. दुसरं असं काही ताठ होतं की बापाची कंबर जाते.

छतरपूरच्या एका फार्महाऊसवर लग्नाचं काम होतं. कागदाच्या प्रचंड कमळातून आम्ही नवरीला वर उचलायचं होतं. नवरी जत्रेतल्या मुलासारखी आली, टाळ्या झाल्या, विषय संपला. पण तिच्या आत्यानं लावून धरलं, "मुझे भी उठाओ, भैया." चार माणसांनी नको म्हटलं तसा तिचा हट्ट वाढला. मी उचलली. वर पोचताक्षणी ती लोखंडाची झाली आणि तिनं आधारासाठी सर्वात जवळची गोष्ट पकडली, ती म्हणजे माझे केस. वरून ओरडतेय, "फोटो आने तक छोड़ना मत!" फोटोग्राफर लेन्स बदलत होता. माझ्या डोक्यावर पुढच्या बाजूला जी मोकळी जागा दिसते तिची सुरुवात त्या लग्नात झाली, असं मी समजतो.

तेव्हा मी आत्याबाईंना मनातल्या मनात खूप हसलो होतो. एवढं घाबरायचं काय, खाली मी आहे ना!

मग दोन वर्षांपूर्वी माझा उजवा खांदा बोलू लागला. डॉक्टर म्हणाले, छातीपर्यंत काय उचलायचं ते उचला. डोक्यावर पाण्याची बाटलीसुद्धा नाही. बेसच्या धंद्यात डोक्यावर उचलता येत नाही म्हणजे स्वयंपाक्याला गॅसजवळ जायला बंदी. कंपन्यांचे फोन कमी होत गेले. उन्हाळी शिबिरात मुलांना बेडूकउड्या शिकवायचं एक बोलावणं तेवढं होतं, आणि मी 'कळवतो' म्हणून लांबवत होतो.

अशात तारिणीचा फोन आला. ही माझ्या हाताखाली नाही, अक्षरशः माझ्या खांद्यावर वाढलेली मुलगी. एका कंपनीत मी बेस आणि ती वरची. आता तिची स्वतःची कंपनी आहे. मुनिरकातल्या एका तळघरात तालीम चालते आणि वरच्या खोल्यांतली विद्यार्थी मंडळी आवाज सहन न होऊन जिन्यात अभ्यास करतात. मी मराठी म्हणून ती मला दादा म्हणते आणि हिंदीत मराठी मिसळून बोलते.

"दादा, नया पीस है. लास्ट सीन आपका."

"तारिणी, खांदा गेलाय माझा. कुणाला उचलायचंय?"

"किसी को नहीं. इस बार आप गिरोगे."

कल्पना अशी होती. रंगारी भिंतीसाठी बांधतात तशी एक लोखंडी परांची, माणसाच्या डोक्याएवढी उंच. तिच्यावर एक फळी. नाचभर मी सगळ्यांना सावरत फिरायचं, आणि शेवटी त्या फळीवर चढून, प्रेक्षकांकडे तोंड करून, एकेक पाऊल मागं जायचं. कडा आली की थांबायचं. आणि पाठीवर सरळ पडायचं. खाली चार जण झेलायला. पाळणा म्हणतो आम्ही त्याला, समोरासमोरच्या हातांचा पाळणा.

मला वाटलं, हात्तिच्या! मी शेकडो माणसं झेलली आहेत. पडणं हे आमच्यात नवशिक्यांचं काम.

पहिल्या दिवशी फळीच्या कडेला गेलो, श्वास घेतला आणि पडलो. खालून "आह" असा आवाज आला. तो जोगीचा. जोगिंदर फरीदाबादचा, अगोदर कुस्ती खेळायचा, आता नाचतो. गड्याचे दंड माझ्या मांडीएवढे आहेत आणि जीभ अगदी मऊ. मनगट चोळत तो म्हणाला, "सर जी, आप गिरते नहीं हो. बैठते हो."

खरं होतं. ऐन वेळी मी कमरेत वाकायचो. माणूस सरळ पडला तर त्याचं वजन सगळ्या हातांत वाटलं जातं; वाकून पडला की सगळा भार कमरेखालच्या जोडीच्या मनगटांवर येतो, आणि त्या जोडीत जोगी होता. शिवाय माझा एक हात आपोआप मागं जायचा, जमीन शोधायला. शिवाय मान वळायची. शिवाय, हे मला नंतर व्हिडिओत दिसलं, मी पडता पडता त्यांना सूचना देत होतो. "पाय रुंद! कोपर आत!" जन्मभर खाली उभ्या राहिलेल्या माणसाला वरून खालचे दोष फार स्पष्ट दिसतात.

आठवडा गेला. मी बसतच राहिलो. जोगीच्या मनगटाला पट्टी आली. मग तारिणीनं मला बाजूला घेतलं. मुलगी गुणाची, पण कोरिओग्राफर.

"दादा, बुधवारपर्यंत बघू. नाहीतर एंड बदलते. जोगी पडेल."

"आणि मी?"

ती जोगीची पट्टी बघायला गेली. खाली उभं राहून झेलायला खांदा नाही, वर उभं राहून पडायला जमत नाही. मग मी त्या नाचात होतो कशाला? मेट्रोत बसून मी बेडूकउड्यांच्या शिबिराचा नंबर शोधून ठेवला.

आता आईकडे येतो. ती गेला महिनाभर दारातच बसली आहे, गोष्टीत कधी घेतोस म्हणून.

आई अठ्ठ्याहत्तर वर्षांची. वडील केंद्र सरकारच्या नोकरीत होते, त्यांच्याबरोबर ती नागपूरहून दिल्लीला आली आणि इथल्या गणेशोत्सवातल्या नाटकांत तिनं खाष्ट सासू इतकी वर्षं केली की मंडळातल्या बायका तिला अजून जपूनच वागवतात. वजनानं हलकी, आवाजानं भारी. माझी बायको सरकारी बदलीवर गुवाहाटीला, त्यामुळे घरी आम्ही दोघंच. नेमकं त्याच महिन्यात ई-रिक्षातून उतरताना आईचा घोटा मोडला आणि पायाला प्लास्टर बसलं.

आम्ही तिसऱ्या मजल्यावर. बिल्डिंगला लिफ्ट नाही. लिफ्टबद्दल सोसायटीची चर्चा मात्र न थांबता चालू आहे. आणि जानेवारी. दिल्लीच्या जानेवारीत दुपारचं ऊन खाली बागेत पडतं, तिथं बायका सतरंजी टाकून मटार सोलतात, गजक खातात आणि सोसायटीचा कारभार बघतात. तिथं जायला मिळालं नाही तर आईचा घोटा कधीच जुळला नसता. खुर्चीत बसवून न्यावं तर जिन्याच्या वळणावर खुर्ची वळेना. म्हणून रोज दुपारी तालमीला निघण्याआधी मी तिला दोन्ही हातांवर घेऊन खाली सोडत होतो आणि परतलो की वर आणत होतो. छातीच्या वर नाही, डॉक्टरांचं ऐकून.

आणि काय सांगू तुम्हाला! इतक्या कंपन्यांत इतक्या नर्तिका उचलल्या, पण आईसारखी पार्टनर मिळाली नाही. मी हात घातला की ती अशी काही येते की जणू आपण पालखी आणि ती छत्रपतींच्या घराण्यातली. मान सैल, पाठ सैल, प्लास्टरचा पाय ऐटीत पुढं. आणि तोंड अखंड चालू. दुसऱ्या मजल्यावर दत्ता राहतात, कोलकात्याचे. "दत्ता बाबू, आज रोहू है क्या? खुशबू ऊपर तक आई!" पहिल्या मजल्यावर शर्माजी, दार उघडं ठेवून पेपर वाचत बसलेले असतात. "शर्मा जी, नमस्ते! बीपी कैसा है?" तळमजल्यावर सतवंत आंटी. "सतवंत जी, मटर मेरे लिए भी रखना!" की आम्ही उन्हात.

बुधवारच्या आदल्या दुपारी मी तिला घेऊन उतरत होतो आणि माझं लक्ष जिन्यात नव्हतंच. वळणावर माझा पाय किंचित सरकला. काही झालं नाही, सावरलो. पण आई जराही ताठ झाली नाही. तिचं चालूच, "दत्ता बाबू..."

मी तिथंच थांबलो. "आई, तुला भीती नाही का गं वाटत?"

"वाटते की."

"मग तुझ्या अंगातून मला कळत कशी नाही?"

"अरे, तुझ्या बाबांनी कधी पिशवीसुद्धा उचलली नाही माझी. सवय कुठली? पहिल्या दिवशी या वळणावर मला घेरीच आली होती. म्हटलं, खाली बघितलं तर मेले. म्हणून जो दिसेल त्याच्याशी बोलायला लागले. बोलताना माणूस कडक होत नाही. नाटकात शिकवतात ना ते, भीती वाटली की समोरच्याशी बोला. चल आता, थांबलास का? दत्ता बाबू ताटकळलेत."

दत्ता बाबू खरंच दारात उभे होते.

त्या दिवशी मी तिला बागेत नेलंच नाही. उलट वर आलो. ती संतापली, पण मी गादी ओढून हॉलमध्ये टाकली आणि तिच्याकडे पाठ करून उभा राहिलो, तेव्हा तिला नाटकाचा वास आला आणि राग गेला.

"काय करायचंय?"

"मागं मागं यायचंय आणि पडायचंय. तुझ्यासारखं बोलत."

"मग नीट बोल. आधी दत्ता, मग शर्मा, मग सतवंत. वरून खाली येतोयस तू."

गादीवर पहिल्यांदा पडलो, तेव्हा बसलोच. ती म्हणाली, "नुसतं म्हणून नको दाखवूस, त्यांना खरंच विचार. शर्माजींचं बीपी कालपासून वाढलंय." मग मी शर्माजींची मनापासून चौकशी केली. त्यानंतर सतवंत आंटींच्या मटारपर्यंत पोचलो आणि बघतो तर आडवा. कधी पडलो ते मलाच कळलं नाही. फोटोतले माझे दोन तळहात वरून माझ्याकडे बघत होते.

बुधवारी मुनिरकात परांचीवर चढलो. ओठांतल्या ओठांत दत्ता, शर्मा, सतवंत. आणि पडलो. सरळ. मग जोगी म्हणाला, "सर जी, आज तो हल्के लगे."

तारिणी फळीजवळ आली. "दादा, हे शर्माजी कोण?"

"पहिल्या मजल्यावरचे."

मला वाटलं, आता ओरडणार. "मोठ्यानं बोला," ती म्हणाली. "प्रेक्षकांना ऐकू गेलं पाहिजे. रख लेते हैं."

आमच्या धंद्यात असंच असतं. कुणाची तरी घबराट दुसऱ्या दिवशी कला होते.

पहिला प्रयोग रविवारी दुपारी. आई चाकाच्या खुर्चीत पहिल्या रांगेच्या कडेला, अंगावर पैठणी, पायात प्लास्टर, मागं मंडळाच्या बायका. नाच छान चालला. शेवटी मी परांचीवर चढलो. तालमीत आणि प्रयोगात एक फरक असतो, प्रकाशाचा. समोर दिवे लागले की डोळ्यांपुढं नुसतं पांढरं होतं आणि पाठीमागं काहीच उरत नाही. एक पाऊल मागं. आणखी एक. टाच कडेला लागली. खाली चार जण आहेत हे मला माहीत होतं, पण माझ्या पाठीला माहीत नव्हतं. छतरपूरच्या आत्याबाई आठवल्या. या वेळी हसू आलं नाही.

तोंड उघडलं आणि निघालं, "शर्मा जी, नमस्ते..."

चुकलं. दत्ता राहिले. पुढचं काहीच आठवेना. कंबर वाकायला लागल्याचं मला कळलं, उजवा हात मागं निघाला. खालून जोगीचा श्वास ऐकू आला. त्यालाही कळलं होतं.

आणि अंधारातून, खाष्ट सासूच्या कमावलेल्या आवाजात, शेवटच्या रांगेपर्यंत,

"अरे मिल्या! आधी दत्ता, मग शर्मा!"

आधी मंडळाच्या बायका फिसकन हसल्या. मग बाकीचे. मग मी. तुम्ही कधी हसता हसता ताठ राहून बघा; जमणार नाही. छाती मोकळी झाली, मान मागं गेली, हात खाली आला. "दत्ता बाबू," मी म्हणालो, "आज रोहू है क्या? शर्मा जी, बीपी कैसा है?" पाठीमागचं सगळं मऊ झालं होतं. "सतवंत जी, मटर..."

मटारचं वाक्य मी हवेत पूर्ण केलं.

आठ हात लागले. एकाच वेळी, पाठभर, मानेपासून टाचेपर्यंत. इतकी वर्षं मी लोकांना जे देत आलो ते नेमकं काय असतं हे मला त्या क्षणी समजलं. वर असताना हंसाला काय वाटत असेल, हे मी कधी विचारलंच नव्हतं. जोगी कानात म्हणाला, "बैठे नहीं आप."

रंगमंचामागं एक चष्मेवाले समीक्षक तारिणीचे हात हातात घेऊन सांगत होते की प्रेक्षकांत ती वृद्ध स्त्री बसवण्याची कल्पना फार धाडसी होती. तारिणीनं शांतपणे आभार मानले. मग आईच्या खुर्चीपाशी जाऊन गुडघ्यावर बसली. "आंटी, अगले शो में भी आओगे?"

आईनं पदर सारखा केला. "येईन की. पण बेटा, डायलॉग तेवढाच आहे का? थोडा बढ़ जाता तो..."

घरी सोडायला जोगी आला. माझा खांदा दिवसभरात संपलेला, गुडघेही कुरकुरत होते. जोगीनं आईला उचललं आणि दोघं वर निघाले. तिचं खालून वर सुरू झालं, सतवंत, शर्मा, दत्ता. आवाज लहान होत गेला. मी तळमजल्याच्या पायरीवर बसून राहिलो.

थोड्या वेळानं जोगी परत आला. माझ्याकडे बघितलं, जिन्याकडे बघितलं.

"सर जी, आप भी?"

"वेडा आहेस का? चल जा घरी."

"छोड़ दूँगा ऊपर तक. आदत रहेगी, अगला शो है ना."

इकडं तिकडं बघितलं. कोणी नव्हतं. म्हटलं, चल.

कपाट उचलावं तसं त्यानं मला उचललं. मी मान सैल सोडली. पहिल्या मजल्यावर दार नेहमीसारखं उघडं होतं. शर्माजी पेपर खाली करून बघतच राहिले.

"नमस्ते शर्मा जी," मी म्हणालो. "बीपी कैसा है?"

शर्माजी माझ्याशी बोललेच नाहीत. त्यांनी जिन्यातून वर तोंड करून हाक मारली, "अरे भाभी जी, इनको क्या हो गया?"

तिसऱ्या मजल्यावरून आईचा आवाज खाली आला.

"कुछ नहीं शर्मा जी, सीख रहा है!"